दर्यातले माहेर

माझे माहेर समुद्रात आहे, असे मी सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला प्रथम थट्टा वाटते. लग्न होऊन डोंबिवलीला आले त्या वर्षी आमच्या वाड्यातल्या एका आजीबाईंनी मला विचारले होते, “म्हणजे खाडीकाठी का गं?” मी म्हटले, “नाही हो, काठी नाही. मध्ये!” त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि सासूबाईंकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, “मुलगी गोड आहे हो, पण जरा वाढवून सांगते.”

यात वाढवून सांगण्यासारखे काही नाही. मालवणच्या बंदरावरून होडीत बसले की पंधरा मिनिटांत जी काळी भिंत समोर उभी राहते, तो सिंधुदुर्ग किल्ला. शिवाजी महाराजांनी 1664 साली मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून त्याचा मुहूर्त केला, आणि तीन वर्षांत कुरटे नावाच्या खडकाळ बेटाभोवती हा तट उभा राहिला. पायाचे दगड शिशाच्या रसात बसवले. तटाची लांबी भरते सुमारे तीन किलोमीटर, उंची तीस फूट, आणि आतली जागा अठ्ठेचाळीस एकर. पुस्तकांत एवढे असते. पुस्तकांत जे नसते ते असे की, या तटाच्या आत आजही माणसे राहतात. घरे बोटांवर मोजण्याइतकी. कोणाच्या दारी तुळस, कोणाच्या दारी जास्वंद, परड्यात माड. त्यांतल्या एका घरात माझा जन्म झाला.

लहानपणी आम्हांला किल्ल्याचे अप्रूप नव्हते. लपंडाव खेळायला बुरूज होते, ओरडून प्रतिध्वनी ऐकायला दरवाजा होता आणि पाणी भरायला तीन विहिरी होत्या. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशी त्यांची नावे. चहूकडे खारा समुद्र आणि मध्ये गोडे पाणी! पाहुणे ओंजळीने पाणी पिऊन अचंबा करीत, आणि कळशी कमरेवर घेऊन उभ्या असलेल्या आम्हा मुलींना त्यांचाच अचंबा वाटे. पाणी गोड असायचे नाही तर कसे असायचे?

हे सारे सांगायचे कारण 2020 साल. त्या वर्षी मी माहेरी चार दिवसांसाठी गेले आणि सहा महिने राहिले.

आई न्हाणीत पाय घसरून पडली, असा दादाचा फोन आला म्हणून मी 16 मार्चला किल्ल्यावर पोहोचले. आई तेव्हा शहात्तर वर्षांची. पायाला मुरगळ होती, हाड शाबूत होते. परंतु साखरेचा आजार जुना, तेव्हा जखम होऊ नये म्हणून काळजी घ्यायची होती. मी यजमानांना सांगून निघाले होते, “शनिवारी परत येते. डब्यात थालीपिठाची भाजणी आहे. दूध तापवताना जवळ उभे राहा.” दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्व खात्याने देशभरची संरक्षित स्मारके प्रेक्षकांना बंद केली. आमचा किल्लाही त्यांत आला. मग 22 तारखेचा जनता कर्फ्यू, आणि 25 मार्चपासून सारा देशच बंद. आगगाडी बंद, एसटी बंद, होडी बंद.

आई पडवीत पाय लांब करून बसली होती. ती शांतपणे म्हणाली, “चार दिवसांक इलंस बाय, आता चार म्हयने रवतलंस.” तिचा अंदाज दोन महिन्यांनी चुकला, एवढेच.

पहिले आठ-दहा दिवस किल्ल्यावर विलक्षण शांतता होती. एरवी मार्च ते मे म्हणजे आमच्याकडे धांदल. होड्यांमागून होड्या लागत. सहली येत, नवपरिणीत जोडपी येत. शिवराजेश्वराच्या देवळाशी रांग लागे. राजाराम महाराजांनी बांधलेले ते देऊळ, आणि चुन्यात उमटलेले शिवाजी महाराजांच्या हाताचे नि पायाचे ठसे, हे पाहिल्यावाचून कोणी परत जात नाही. दादा त्या गर्दीला शहाळी आणि कोकम सरबत विकतो. वहिनी सोलकढी करते आणि कोणी सांगून ठेवले असेल तर जेवणही रांधते. त्या तीन महिन्यांत जो पैसा गाठीला लागतो, त्यातूनच पावसाळ्याची बेगमी होते. मेअखेरीस होड्या ओढून ठेवल्या की किल्ल्याचा बाहेरच्या जगाशी संबंध उघडिपीवर अवलंबून. तेव्हा तांदूळ, गूळ, रॉकेल, सुकी मासळी, आईच्या गोळ्या, सारे आधी घरात यावे लागते.

त्या वर्षी पैसा येण्याचे दिवस आले आणि पैसा मात्र आला नाही. दादा सकाळी उठून सवयीने कोयता घेऊन माडांकडे जाई, वर पाही आणि तसाच परत येई. शहाळी उतरवून द्यायची कोणाला? एकदा मी त्याला म्हटले, “दादा, निदान आपण तरी पिऊ या की.” तो हसला. पुढचे पंधरा दिवस आम्ही रोज शहाळ्याचे पाणी प्यायलो. डोंबिवलीला एका शहाळ्याला काय पडते हे मला ठाऊक होते; तेव्हा प्रत्येक घोटाला मला श्रीमंत झाल्यासारखे वाटे आणि दादाच्या तोंडाकडे पाहिले की ती श्रीमंती उतरत असे.

पण घर चालू राहिले. घर चालवण्याची जी जुनी विद्या आम्ही शहरात विसरलो होतो, ती वहिनीच्या बोटांत शाबूत होती. सकाळी उकड्या तांदळाची पेज, सोबत खारातली कैरी. दुपारी सुकती लागली की आम्ही दोघी तटाबाहेरच्या खडकांवर कालवे काढायला जात असू. कालव खडकाला असे चिकटून बसते की नवख्याला तो दगडच वाटावा. कोयत्याचे टोक नेमक्या फटीत घालून ते उघडावे लागते. माझा हात तीस वर्षांत गेला होता. पहिल्या दिवशी अर्धा तास खटपट करून मी सात कालवे काढली आणि दोन बोटे कापून घेतली. वहिनीने तेवढ्या वेळात वाटी भरली होती. मासेमारीही आरंभी थांबली होती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सरकारने तिला मोकळीक दिली, तेव्हा ताजा बांगडा पुन्हा ताटात आला. नाही तर कुळथाची पिठी, भाजलेला सुका बांगडा, फणसाची भाजी. रेशनवर माणशी पाच किलो तांदूळ फुकट मिळू लागला, त्याचाही मोठा आधार झाला.

आठवड्यातून एकदा दादा परवानगी घेऊन होडीने मालवणात जाई. तांदूळ, साबण, आईच्या गोळ्या. औषधाच्या दुकानातला मुलगा पिशवी धक्क्यावर ठेवून दहा पावले मागे सरे, मग दादा पुढे होऊन ती उचली, पैसे दगडाखाली ठेवी. येताना दादा होडी लागण्याआधीच कमरेइतक्या पाण्यात उतरे, कपड्यांसकट तीन बुचकळ्या मारी आणि मग न्हाणीत जाई. तेथे वहिनीने तापत्या पाण्याचा हंडा तयार ठेवलेला असे. पिशव्या दिवसभर उन्हात पडत. आईचे म्हणणे, “पूर्वी सोवळा पाळीत, ता ह्याच.” यावर मी काही बोलले नाही. जुन्या सोवळ्याने माणसे तोडली होती, हे नवे सोवळे माणसे राखण्यासाठी होते. पण बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसली असती.

डोंबिवलीचा संसार फोनवर चालला होता. यजमान बँकेत, बँका सुरू, त्यामुळे त्यांना जावेच लागे. चिरंजीव घरात. रोज रात्री मी फोनवरून वरणाची फोडणी शिकवी. “मोहरी तडतडली की मग हिंग,” मी सांगे. “तडतडली हे कसं ओळखायचं?” असा प्रश्न बँकेत एकोणतीस वर्षे नोकरी केलेला मनुष्य विचारीत असे. दूध मात्र रोज उतू जाई. ते ते सांगत नसत, मागून चिरंजीव ओरडून सांगत.

किल्ल्याच्या दरवाजातून आत आले की वाटेवर जरीमरीचे देऊळ लागते. लहानसे आहे. आम्ही लहानपणी येता-जाता हात जोडत असू. ती कसली देवी हे कधी विचारले नव्हते. जरीमरी म्हणजे साथीची देवी. पटकी यावी, देवी याव्यात, माणसे पटापट जावीत, ते जिच्या हाती तिची ही जागा. समुद्रातल्या किल्ल्यावर, जेथे शेकडो माणसे एका तटाच्या आत आणि तीन विहिरींच्या पाण्यावर राहत, तेथे तिला स्थान का मिळाले हे 2020 साली मला प्रथमच नीट उमगले. शत्रू तटापाशी अडवता येतो. इंग्रजांना 1765 साली हा किल्ला मिळाला तो तोफा डागून. त्यांनी त्याला फोर्ट ऑगस्टस असे नावही दिले होते, जे आता कोणाच्या ओठी नाही. पण साथ येते ती आपल्याच माणसाच्या पायांनी, दरवाजातून, हसत.

आमच्या घरात याची एक गोष्ट आहे. माझी आजी 1918 साली आठ वर्षांची होती. त्या साली मानमोडीचा ताप आला. जूनमध्ये तो मुंबईत उतरला. पहिले महायुद्ध चालू होते आणि सैनिकांची जहाजे ये-जा करीत होती. पावसाळ्यानंतर तो दुप्पट जोराने उलटला. मुंबईची कोकणी माणसे भिऊन गावाकडे निघाली. आजीचे दोन मामा आगबोटीने आले, तेव्हाच एकाच्या अंगात कणकण होती. गावाने सांगितले, वेशीबाहेरच्या मांगरात राहा, पेज तेथे आणून देऊ. आजीच्या आजीला ते सोसले नाही. रात्री तिने मागचे दार उघडून दोघांनाही घरात घेतले. दसऱ्यापर्यंत त्या घरातली पाच माणसे गेली. मामा मात्र वाचले. आजी ही गोष्ट सांगताना कोणालाही दोष देत नसे. एवढेच म्हणे, “आवशीन दार उघडल्यान, आणि घर रिकामा झाला.”

ही गोष्ट आईने आपल्या सासूकडून ऐकली होती आणि मी दोघींकडून. मे महिन्यात तिची पुन्हा आठवण झाली.

माझा धाकटा भाऊ मुंबईस लोअर परळला एका छापखान्यात कामाला. लग्नाचे राहून गेले. चाळीतली एक खोली, तीत चौघेजण भाड्याने. मार्चमध्ये छापखाना बंद झाला, एप्रिलमध्ये पगार. मेमध्ये चाळीत दोघांना ताप आला. त्याने कसाबसा पास मिळवला, चारजणांत मोटार केली आणि साठवलेले पैसे भाड्यात घालून 21 मेच्या पहाटे तो मालवणात उतरला. धक्क्यावरून त्याने दादाला फोन केला, “होडी घेऊन ये.”

त्या संध्याकाळी किल्ल्यावरची मोठी माणसे जरीमरीच्या देवळासमोर जमली. कोणी बोलावले नव्हते, पण सगळे आले. एकमेकांपासून अंतर ठेवून बसले. बाहेरून आलेल्याने चौदा दिवस वेगळे राहावे हा नियम जिल्हाभर होताच. प्रश्न असा होता की, ते चौदा दिवस त्याने किल्ल्यावर काढावेत की तिकडे? किल्ल्यावर रिकामी खोली होती. परंतु किल्ल्यावर डॉक्टर नव्हता, आणि प्रत्येक घरात एखादे तरी म्हातारे माणूस होते. पाऊस पंधरा दिवसांवर आलेला. एकदा दर्या खवळला की आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे कसे? दुसरीकडे, हे किल्ल्यावरचेच पोर. ते आपल्या घराच्या दारात उभे राहून आत येऊ का म्हणून विचारीत होते. कोणालाच ‘नाही’ म्हणवेना. सगळे आईकडे पाहू लागले आणि पाहिले न पाहिलेसे करून समुद्राकडे पाहू लागले.

आई काठी टेकून उठली. म्हणाली, “तेका चौदा दिस थंयच रवांदे. माजो झील म्हणान सवलत नको.”

शेजारच्या काकींना राहवले नाही. “गो, तुजोच झील मां तो?”

“म्हणानच सांगतंय,” आई म्हणाली आणि घराकडे चालू लागली. मी तिला धरायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला. रात्री तिने जेवायचे नाकारले. सकाळी मात्र नेहमीसारखी पेज घेतली आणि साखरेची गोळीही.

वायरीला किनाऱ्याजवळ आमच्या आतेचे घर रिकामे होते. धाकटा तेथे उतरला. त्या घराच्या माडीवरून समुद्र दिसतो, आणि समुद्रात किल्ला. म्हणजे त्याला आम्ही दिसत होतो आणि आम्हांला तो. मध्ये फक्त पाणी. चिरंजीवांनी फोनवरून मला माहिती पुरवली की, क्वारंटाइन हा शब्द व्हेनिसकडून आलेला आहे. साथीच्या गावाहून आलेल्या जहाजाला तेथे चाळीस दिवस बंदराबाहेर ठेवीत, आणि आजाऱ्यांना बेटावर. मी म्हटले, “आमच्याकडे सगळे उलटे. आम्ही बेटावर, आणि तो देशात.”

आता तुम्ही म्हणाल, फोन होता की! होता. परंतु आईला कानांनी कमी ऐकू येते. ती फोन कानाशी धरून “काय? काय?” एवढेच विचारी आणि शेवटी तो माझ्या हाती देऊन म्हणे, “ह्या खोक्यात तो नाय.” तेव्हा तिने माळ्यावरचा जुना कंदील काढायला लावला. काच राखेने पुसली, वात कापली. रात्री आठ वाजता आम्ही तिला हळूहळू तटावर चढवून नेत असू. ती कंदील दोनदा वर करी. थोड्या वेळाने पलीकडे, माडांच्या काळ्या रेषेत, एक पांढरा ठिपका दोनदा हले; तो आपल्या मोबाइलची विजेरी दाखवी. “माजो काजवो दिसलो,” आई म्हणे. मग घरी येऊन जेवे. मेच्या अखेरीस खरोखरीचे काजवे आले तेव्हा तिची दोनदा फसगत झाली, आणि ती आपल्याशीच हसली.

चौदा दिवस 4 जूनला भरायचे होते. आम्ही बोटांवर मोजत होतो. दादाही आकाशाकडे पाहत होता. त्याच दिवसांत माझ्यापुढे माझा स्वतःचा प्रश्न उभा राहिला. 1 जूनपासून काही खास गाड्या सुटणार, असे जाहीर झाले. दादा म्हणाला, “दर्या आजून दोन दिस बरो आसा. जावचा तर आता जा. मगे माजो भरवसो नाय.” एकीकडे नवरा रोज गर्दीत जाणारा, मुलगा एकटा, दुसरीकडे आई, आणि समोर बंद होत जाणारा समुद्र. रात्री मी यजमानांना फोन लावला. त्यांनी सगळे ऐकून घेतले. ‘ये’ म्हणाले नाहीत, ‘नको’ही म्हणाले नाहीत. थोडे थांबून म्हणाले, “आता दूध उतू जात नाही हं.” तीस वर्षांच्या संसारात या गृहस्थांनी माझ्याशी केलेले हे सर्वांत लांब भाषण होय. मी राहिले.

2 जूनच्या दुपारपासून वारे फिरले. निसर्ग नावाचे चक्रीवादळ उत्तरेकडे सरकत होते. दुसऱ्या दिवशी ते रायगडच्या किनाऱ्यावर जाऊन आदळले आणि तिकडे त्याने हाहाकार केला. आमच्याकडे त्याचा पदर लागला, तरी समुद्र तटावर येऊन फुटत होता आणि पाण्याचे तुषार अंगणापर्यंत येत होते. फोनची रेंज गेली. रात्री आठ वाजले. आई काठी घेऊन उठली. मी म्हटले, “आई, आज नको.” ती म्हणाली, “तो वाट बघतलो.”

तिला घरी ठेवून दादा आणि मी निघालो. कंदील तटावर उभा करताच विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. पलीकडे पांढरा ठिपका दोनदा हलला, थांबला, पुन्हा दोनदा हलला. आमचे उत्तर जाईना. तो ठिपका खाली उतरताना दिसला, किनाऱ्याच्या दिशेने. दादा ओरडला, “ह्यो खुळो पाण्यात उतरतलो!” आणि कंदील घेऊन तो वाकला. तटाला जागोजाग जंग्या आहेत. बंदुकीची नळी बाहेर काढून शत्रूवर नेम धरण्यासाठी ठेवलेली अरुंद भोके. दादाने कंदील पेटवून एका जंगीत आत सरकवला आणि आम्ही दोघे पाठ लावून वाऱ्याच्या आड बसलो. दगडाने वारा अडवला. ज्योत हलली, धुरकटली आणि स्थिर झाली. पलीकडचा ठिपका जागच्या जागी थांबला. मग दोनदा वर झाला. आम्ही भिजून घरी आलो तेव्हा आईने काही विचारले नाही. माझ्या तोंडाकडे पाहिले आणि पाने घेतली.

चौदा दिवस भरले, पण समुद्र बंद झाला होता. पावसात अगदीच नड लागली तर उघडीप पाहून होडी घालता येते. परंतु नडीला, हौसेला नव्हे. आईने दिवस मोजायचे नवे गणित मांडले, “आता नारळी पुनव.”

तो पावसाळा मला जन्मभर पुरेल. तटाच्या आत हिरवेगार रान माजले, दगडादगडांतून शेवाळ फुटले. दिवसभर पावसाचा आणि लाटांचा एकच आवाज. दोन दिवसांनी तो ऐकू येईनासा होतो आणि थांबला की दचकायला होते. आम्ही सोलांच्या बरण्या पुसल्या, गोधड्या शिवल्या, वहिनीने मला चुलीवरच्या खापरोळ्या पुन्हा शिकवल्या. कंदिलाची जागा आता कायमची जंगीत झाली होती.

जुलैत आईच्या गोळ्या संपत आल्या. चार दिवसांच्या उघडिपीत दादाने होडी घातली. धाकट्याने गोळ्या आणून होडीच्या नाळेवर ठेवल्या. दादा म्हणाला, “चल, बस.” धाकटा मागे सरला. एवढ्या दिवसांत तो वायरीत रिकामा बसला नव्हता. घराबाहेर पडू न शकणाऱ्या म्हाताऱ्यांना औषधे आणि रेशन पोहोचवण्याचे काम त्याने अंगावर घेतले होते. तो म्हणाला, “दादा, मी रोज दहा घरांच्या दारात जातंय. माका घेव नको.” दादा हे सांगताना मध्येच थांबला. आईने गोळ्यांची पाकिटे उलटसुलट करून पाहिली, डब्यात ठेवली, आणि म्हणाली, “शिकलो.”

नारळी पौर्णिमा 3 ऑगस्टला झाली. गर्दीला बंदी असल्यामुळे मालवणच्या बंदरावर दरवर्षीची धामधूम नव्हती. पण आम्ही किल्ल्यावरून आमचा नारळ दर्याला दिला. धाकट्याने आपले काम दुसऱ्या एका मुलावर सोपवले आणि नेमाप्रमाणे पुन्हा दहा दिवस माडीवर एकटा बसून काढले. गणेश चतुर्थी 22 ऑगस्टची. 20 तारखेला दादा त्याला घेऊन आला. गणपतीची मूर्तीही त्याच होडीत. घरच्या मूर्तीला त्या वर्षी दोन फुटांची मर्यादा होती, आणि आमचा गणपती तर नेहमीच एक फुटाचा, त्यामुळे त्याला नियमाचा काही त्रास झाला नाही.

आई दरवाजापर्यंत चालत गेली होती. तो पायऱ्यांखाली उभा राहिला. तिनेही पुढे होऊन त्याला जवळ घेतले नाही. दूधबावीच्या पाण्याचा तांब्या तिने पायरीवर ठेवला, आणि त्याने पाय धुतले. ती त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “केस पांढरे झाले मां रे तुजे.” एवढे म्हणून ती जरीमरीच्या देवळाशी थांबली, पदराने डोळे पुसले आणि घरी जाऊन तिने स्वतःच्या हाताने भाकऱ्या थापल्या.

सप्टेंबरात पासाची अट उठली आणि मी डोंबिवलीस परतले. चिरंजीव चार बोटे उंच झाले होते. यजमानांनी पहिल्याच सकाळी मला ओट्यापासून दूर बसवून दूध तापवून दाखवले. ते उतू गेले नाही. धाकटा मुंबईस परत गेलाच नाही. आता तो दादाबरोबर सरबताचे बघतो.

यंदा दिवाळीच्या आधी मी किल्ल्यावर जाऊन आले. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले, त्यांत सिंधुदुर्ग आहे. तेव्हापासून किल्ल्याला मान आणखी वाढला आहे. आई एक्क्याऐंशीची झाली. पडवीत बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना न्याहाळते. बायका तिला विचारतात, “आजी, इथं एकटं एकटं वाटत नाही का हो?” ती म्हणते, “वाटता. मगे जेवक बसतंय.”

त्या दिवशी मी एका सहलीच्या मागोमाग तटावर चढले. वाट दाखवणारा तरुण मोठ्या उत्साहाने सांगत होता. आमच्या जंगीपाशी तो थांबला. जंगीच्या वरच्या दगडावर काजळीचा काळा डाग आहे. पाच पावसाळे झाले तरी गेलेला नाही. तरुण म्हणाला, “हा पाहा, लढाईतल्या बंदुकीच्या धुराचा डाग!” सगळ्यांनी फोन पुढे करून त्याचे फोटो काढले.

मी खाली येऊन आईला हे सांगितले. म्हटले, “त्याला खरे सांगू का?”

आई सुपारी कातरीत होती. “सांगांदे तेका,” ती म्हणाली. “काच पुसून ठेय. अंधार पडाक इलो.”